बार्बाडोस बेटावर काटकसरीचे आठ दिवस

"अहो, क्लार्कच्या पगारात वेस्ट इंडीज?" डबा खाता खाता ऑफिसातल्या एका मित्राने हे इतक्या मोठ्याने विचारले की पलीकडच्या टेबलावरच्या लोकांनीही माना वळवल्या. वाचक बंधू-भगिनींनो, तेव्हा आम्ही नुसते हसून भाजीचा डबा पुढे सरकवला. आता जाऊन आलो आहोत, हिशेबाची वही समोर आहे, तेव्हा उत्तर द्यायला हरकत नाही.

आमचा धाकटा भाऊ लंडनच्या एका सरकारी इस्पितळात नर्स आहे. पुरुष नर्स म्हटले की आपल्याकडे अजून लोक हसतात. पगाराचा आकडा सांगितला की गप्प होतात. त्याच्या वॉर्डातल्या मुख्य सिस्टर मूळच्या बार्बाडोसच्या घराण्यातल्या. १९५६ पासून लंडनच्या बस-रेल्वेने बार्बाडोसमधून माणसे थेट भरती करून नेली, इस्पितळांनी मुली नेल्या. सिस्टरच्या आई अशाच गेलेल्या. "माझी मावशी तिथे दोन खोल्या भाड्याने देते, स्वयंपाकघरही वापरू देते," असे सिस्टर सहज बोलून गेल्या आणि त्याच रात्री भावाचा फोन आला. "दादा, वहिनीला घेऊन या. तिकिटं माझी. राहण्या-खाण्याचा खर्च निम्मा निम्मा."

निम्मा म्हटला तरी पैसा होता कुठे? होता तो घरावर स्लॅब टाकायला जमवलेला. वस्तीतले आमचे घर पत्र्याचे. दरवर्षी मे महिन्यात डांबराचा डबा घेऊन आम्हीच वर चढतो. आमचे तोंड उतरलेले पाहून घरच्याच म्हणाल्या, "पत्रा अजून चार पावसाळे काढील. माणसं काढतील की नाही कुणी सांगावं? चला."

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान केले आणि दुसऱ्या रात्री विमान धरले. ६ डिसेंबरच्या आत दादरला हजर असायचे, ही अट आम्ही भावाला आधीच घातली होती. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला फिरायला जाण्यासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही. मात्र आपल्याकडून थेट विमान नाही. वाट लंडनहून किंवा अमेरिकेहून जाते आणि खरी दगदग त्या वाटेवरच्या व्हिशाची. लंडनपासून पुढे आठ-नऊ तास. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथला महाग हंगाम असतो, कारण तेव्हा युरोप-अमेरिकेतले लोक थंडी चुकवायला येतात. आम्ही त्याच्या आधी गेलो. वादळांचा मोसमही नोव्हेंबरअखेर संपतो.

बेट केवढे? लांबी ३४ किलोमीटर, रुंदी २३, क्षेत्रफळ ४३१ चौरस किलोमीटर. म्हणजे जवळपास मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढे, आणि वस्ती मात्र तीन लाखांच्या आत! दोन बार्बाडोस डॉलरला एक अमेरिकन डॉलर हा भाव १९७५ पासून ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. आम्ही गेलो तेव्हा तिथला एक डॉलर सुमारे ४२ रुपयांचा. घरच्यांनी पहिल्या दिवशी प्रत्येक वस्तूला ४२ ने गुणले. दुसऱ्या दिवशी सोडून दिले, कारण गुणाकार केला की घास उतरेना.

मावशींचे घर ऑइस्टिन्स या कोळ्यांच्या गावापासून आत, चढावर, समुद्रापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर. समुद्रावर असते तर परवडले नसते. दोन खोल्यांचे रोजचे साठ अमेरिकन डॉलर, म्हणजे पाच हजार रुपये. वय पंचाहत्तरच्या पुढचे, अंगाने काटक, जन्मभर एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी धुतलेल्या. सिस्टरची मावशी म्हणून आम्हीही त्यांना मावशीच म्हणू लागलो. शब्दाचा अर्थ सांगितल्यावर त्यांना तो फार आवडला. शेजारणीला ओरडून त्या तो शिकवू लागल्या.

मावशींनी पहिल्याच संध्याकाळी तीन गोष्टी बजावल्या. पहिली, नळाचे पाणी प्या. हे बेट प्रवाळाच्या चुनखडीचे आहे, पावसाचे पाणी त्यातून गाळून खाली साठते, बाटल्या विकत घेण्याचा वेडेपणा पाहुणे करतात. दुसरी, दुकानात किंवा गाडीत पाय ठेवला की आधी गुड मॉर्निंग म्हणायचे. न म्हणणारा माणूस बिनवळणाचा समजतात. तिसरी गोष्ट त्यांनी दोरीवर वाळत घातलेली भावाची अर्धी चड्डी पाहून सांगितली. ती लष्करी हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची होती. तसले कपडे साध्या माणसाने, अगदी लहान मुलानेही घालणे तिथे गुन्हा आहे! चड्डी लगेच बॅगेच्या तळाशी गेली.

फिरण्यासाठी तिथे तीन प्रकारच्या गाड्या. सरकारी निळ्या बसा, खाजगी पिवळ्या मिनीबस आणि पांढऱ्या व्हॅन. या व्हॅनच्या नंबराआधी झेड आर ही अक्षरे असतात, म्हणून लोक त्यांना झेड-आरच म्हणतात. सातारा-सांगलीकडच्या वाचकांना एका शब्दात सांगायचे तर वडाप! तीच दाटी, तेच दाराशी उभे राहून ओरडणारे पोरगे, तशीच छाती हादरवणारी गाणी. अंतर कितीही असो, भाडे एकच, साडेतीन डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे मोजून टाकावे लागतात, परत मिळत नाहीत. थांब्यांवर गावांची नावे नाहीत. एका बाजूच्या पाटीवर 'शहराकडे', दुसऱ्या बाजूच्या पाटीवर 'शहराबाहेर'. शहर म्हणजे ब्रिजटाऊन, दुसरे शहर नाहीच म्हणा ना. तरीही आम्ही पहिल्या दिवशी उलट्या बाजूला उभे राहिलो आणि अर्धा तास भलतीकडे गेलो. गाडीतल्या एका शाळकरी मुलीने आम्हाला उतरवून रस्ता ओलांडून दिला. टॅक्सीने फिरणाऱ्याला हे काही दिसत नाही. त्या गाड्यांत सकाळी हॉटेलात कामाला जाणाऱ्या बायका असतात, पिशवीत युनिफॉर्म आणि डबा. घरच्या त्यांच्याकडे पाहत म्हणाल्या, "अहो, ही तर आपली सकाळची लोकल."

खाण्याचे मात्र खरोखर महाग. बहुतेक वस्तू जहाजाने बाहेरून येतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ घरी शिजवायचे आणि दुपारी बाहेर, असे ठरवले. दुपारी माशाचा तुकडा घातलेला पाव घ्यायचा, त्याला 'कटर' म्हणतात. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या मच्छीबाजारात चुलीवर भाजलेला मासा, सोबत मॅकरोनी. ती थाळी चाळीस डॉलरच्या घरात, पण तिघांत दोन घेतल्या तरी पोट भरले. उडणारा मासा हे तिथले मानचिन्ह, चवीला आपल्या बोंबलाहून घट्ट. 'मॉबी' नावाचे झाडाच्या सालीचे कडू सरबत आम्हाला आवडले, भावाने एका घोटात तोंड वाकडे केले.

एके दिवशी मावशी मक्याचे जाडसर पीठ आणि भेंडी घेऊन चुलीशी बसल्या. भेंडीच्या उकळलेल्या पाण्यात पीठ सोडायचे आणि लाकडी फळीसारख्या चाटूने घोटत राहायचे. याला 'कू-कू' म्हणतात. कू-कू आणि उडणारा मासा हे तिथले राष्ट्रीय अन्न. घरच्यांनी चाटू हातातून घेतला आणि गुठळी होऊ न देता घोटून दाखवला. मावशी म्हणाल्या, "तुला कुणी शिकवलं?" घरच्या म्हणाल्या, "पिठल्यानं!" भाषांतराचे काम भावाकडे होते, त्याची पंचाईत झाली.

पण खरे नवल बाजारात झाले. ब्रिजटाऊनच्या मंडईत एक म्हातारी हिरवे दाणे पिशव्यांत भरून विकत होती. घरच्या थबकल्या. "अहो, ही ओली तूर!" तूरच होती. आपल्याकडची तूर आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या जहाजांच्या काळात या बेटांवर पोचली. तिथले लोक ती भातात घालतात. नाताळात तर तुरीचे ओले दाणे, खारवलेले मांस आणि ज्वारीचे पीठ एकत्र शिजवून 'जग-जग' नावाचा पदार्थ करतात. ज्वारीला ते 'गिनी कॉर्न' म्हणतात. नीरफणसही तिथे घरोघर. तो १७९३ साली या बेटांकडे जहाजाने आणला गेला तो गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी. त्या रात्री आमच्या घरी ओल्या तुरीची आमटी झाली. मावशींनी भाताबरोबर दोनदा मागून घेतली.

आता समुद्राचे. बार्बाडोसचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत. कोट्यधीशाच्या हॉटेलासमोरची वाळूसुद्धा कोणाच्या मालकीची नाही. हे ऐकून आम्ही मुद्दाम पश्चिम किनाऱ्याला गेलो, कारण सर्वांत श्रीमंत वस्ती तीच. रस्त्याने जाताना मैलभर नुसत्या भिंती, समुद्राचा आवाज येतो पण समुद्र दिसत नाही. एक फरसबंदी वाट खाली जाताना दिसली, तिकडे वळलो तर पहारेकरी आडवा आला. "ही वाट पाहुण्यांसाठी." वाळू सर्वांची, पण वाळूपर्यंत जायची वाट हॉटेलची! आम्ही तिघे तिथे उभे राहिलो. बंधू-भगिनींनो, पाण्याच्या काठापर्यंत जाऊन थांबवले जाणे म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही वेगळे सांगायला नको. घरच्या म्हणाल्या, "चला परत, आपल्याला कशाला?" पण रस्त्यापलीकडे शहाळी विकणारा माणूस हे पाहत होता. त्याने कोयत्यानेच दाखवले, "पुढं जा. दोन भिंतींमध्ये गल्ली आहे. ती सर्वांची." गल्ली एवढी अरुंद की भावाला खांद्यावरची पिशवी पुढे धरावी लागली. पण ती थेट पाण्यात उतरत होती.

त्याच हॉटेलच्या निळ्या खुर्च्यांपासून दहा पावलांवर आम्ही चादर अंथरली. थोड्या वेळाने तोच पहारेकरी वाळूवरून फेरी मारत आला. आता तो आम्हाला काही म्हणू शकत नव्हता. त्याने टोपीला हात लावून गुड आफ्टरनून म्हटले, आम्हीही म्हटले. त्याचा राग तरी कसा धरावा, तोही पोटासाठीच उभा होता. आमच्या घरच्या आयुष्यात जुहूला घोट्यापुढे कधी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या पंजाबी ड्रेससकट गळ्याइतक्या पाण्यात एक तास होत्या. पाणी काचेसारखे, पायाची नखे दिसत होती. बाहेर यायला तयारच नव्हत्या.

बाहेर आणले ते पावसाने. सर आली तसे आम्ही जवळच्या डेरेदार झाडाखाली पळालो. तोच एक पोत विकणारी बाई धावत आली आणि घरच्यांचा दंड धरून त्यांना ओढतच बाहेर घेऊन गेली. झाडाच्या बुंध्यावर तांबडा पट्टा होता, तो आमच्या ध्यानात आला नव्हता. त्या झाडाचे नाव मँचिनील. फळ छोट्या सफरचंदासारखे, पण जहरी. पानांवरून ओघळलेले पावसाचे पाणी अंगावर पडले तरी भाजल्यासारखे फोड येतात. समुद्रकाठी जाणाऱ्या कोणीही ही खूण लक्षात ठेवावी. आम्ही मग भिजतच उभे राहिलो.

इथवर वाचून कोणाला वाटेल, मौज झाली. झाली, नाही कशाला म्हणा! पण ज्यासाठी हा लेख लिहिला ती गोष्ट मावशींच्या घराची आहे. त्यांच्या मागच्या दोन खोल्या विटांच्या, पुढचा भाग मात्र लाकडाचा आणि सुट्या दगडांवर नुसता ठेवलेला. पाया नाही, सिमेंट नाही. तशी लाकडी घरे रस्त्याने सगळीकडे दिसत होती, आम्हाला वाटले ती तिथली हौस असेल. मावशींनी सांगितले ते असे.

१६२७ साली इंग्रजांनी बेट वसवले आणि काही वर्षांतच सारे रान ऊसाखाली आणले. आफ्रिकेतून माणसे पकडून आणली आणि १६६१ च्या कायद्याने त्यांना कायमची मालमत्ता ठरवले. १ ऑगस्ट १८३४ ला गुलामगिरी रद्द झाली, तरी 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षे राबवून घेतले. खरी सुटका १८३८ मध्ये. ब्रिटिश सरकारने साऱ्या साम्राज्यातल्या मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली, गुलामांना एक छदाम नाही. त्यासाठी काढलेले कर्ज पूर्ण फिटले ते २०१५ साली! म्हणजे सिस्टरच्या आईने लंडनमध्ये भरलेल्या करातूनही, तिच्याच पणज्यांच्या मालकांची भरपाई फिटत होती.

सुटलेली माणसे राहणार कुठे? सगळी जमीन मळेवाल्यांची. त्रिनिदादला मोकळी जमीन होती, मजूर मळे सोडून गेले, म्हणून तिथे १८४५ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. बार्बाडोसला तशी गरजच पडली नाही, कारण इथल्या लोकांना पळायला जागा नव्हती. मळ्याच्या जागेवर झोपडे उभारायचे आणि मळ्यातच राबायचे. मालकाशी बिनसले की जागा खाली करा. म्हणून घर असे बांधायचे की एका दिवसात फळ्या सुट्या करून गाडीवर लादता यावे. मावशींच्या आजोबांनी हेच घर दोनदा हलवले होते. घर आपले, जमीन दुसऱ्याची. तिथल्या भाषेत त्याला 'चॅटल हाऊस' म्हणतात, हलवता येणाऱ्या मालमत्तेचे घर.

"मग ही जमीन?" आम्ही विचारले. मावशी आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद घेऊन आल्या. १९८० साली तिथल्या सरकारने कायदा केला की मळ्याच्या जागेवर पाच वर्षांहून अधिक राहिलेल्या भाडेकरूला ती जागा विकत मिळाली पाहिजे, दर चौरस फुटाला दहा सेंट. तीन हजार चौरस फुटांना तीनशे डॉलर. मावशींनी ते धुलाईखान्याच्या पगारातून भरले आणि मग मागे विटांच्या खोल्या चढवल्या. पुढचे लाकडी घर मोडायला त्या तयार नाहीत. आम्ही कारकून माणूस, आयुष्यभर कागद पाहिले, पण तो कागद दोनदा वाचला. घरच्यांनी इंग्रजी येत नसताना तो हातात धरून पाहिला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी सांगितलेल्या वाटेने न्यूटन मळ्याच्या दफनभूमीला गेलो. गेट नाही म्हणावे इतके साधे. एक उतरते गवताचे रान, वर वारा. एकही दगड नाही, एकही नाव नाही. अंदाजे ५७० गुलाम तिथे पुरलेले आहेत. १९७० च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात कवड्या, कुत्र्याचे दात, माशाचे मणके आणि काचेचे मणी ओवलेली माळ सापडली. तीत एक मोठा तांबडा अकीकाचा मणी होता, तो गुजरातेतल्या खंबायतचा असावा असे अभ्यासकांनी म्हटले आहे. तो माणूस वैदू असावा. खंबायतचा मणी आफ्रिकेत पोचला आणि तिथून या रानात. तिथे आम्ही कोणी काही बोललो नाही. पाणी पिऊन परत फिरलो.

मोठ्या रस्त्यावरच्या चौकात बेड्या तोडून हात उंचावलेल्या माणसाचा पुतळा आहे. १९८५ साली उभारला. लोक त्याला बुस्सा म्हणतात. एप्रिल १८१६ मध्ये गुलामांनी उठाव केला त्याचा हा पुढारी, लढताना मारला गेला. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे आपल्या मुलांना पाठ असते. त्या बेड्या तुटताना कशा दिसत असतील ते आम्ही त्या चौकात पाहिले, तेही गाड्यांच्या गर्दीत जीव मुठीत धरून. ब्रिजटाऊनच्या मुख्य चौकात १८१३ पासून इंग्रज सेनापती नेल्सनचा पुतळा होता, तो १६ नोव्हेंबर २०२० ला काढला. ३० नोव्हेंबर २०२१ ला देश प्रजासत्ताक झाला. स्वातंत्र्यदिनही ३० नोव्हेंबरच, १९६६ चा. आम्ही होतो तेव्हा सगळीकडे निळ्या-पिवळ्या दिव्यांच्या माळा. झेंडाही दोन बाजूंनी निळा. घरच्या म्हणाल्या, "आपल्या नाक्यावर आल्यासारखं वाटतंय."

क्रिकेटचे लिहिले नाही तर पोरे लेख वाचणार नाहीत. केन्सिंग्टन ओव्हल मैदान आम्ही बाहेरूनच पाहिले. २९ जून २०२४ ला भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तो इथेच. रस्त्यावरच्या एका माणसाने आम्ही भारतातले म्हटल्यावर सूर्यकुमारचा झेल दोन्ही हातांनी करून दाखवला. पण आम्हाला आठवला मार्च १९६२. त्याच मैदानावर आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर डोक्याला चेंडू लागून मरणाच्या दारात होता, तेव्हा रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल होता. हा वॉरेल बार्बाडोसचाच. १९६० मध्ये वेस्ट इंडीजच्या पूर्ण मालिकेचा कप्तान झालेला तो पहिला काळा माणूस. त्याआधी कप्तान गोराच असे.

आता हिशेब. आठ रात्रींचे भाडे चाळीस हजार, गाडीभाडे तिघांचे मिळून अकरा हजारांच्या आत, किराणा-भाजी आणि बाहेरचे खाणे अठ्ठावीस हजार. त्यातले निम्मे आमचे, शिवाय ब्रिटनच्या व्हिशाचा खर्च वेगळा. स्लॅबच्या पैशांतले जवळपास निम्मे संपले. ऑफिसातल्या मित्राला हा आकडा सांगितला आहे. तो अजून विचार करतो आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी घरच्यांनी मावशींना आमच्या पत्र्याची गोष्ट सांगितली. मावशींचेही छप्पर पत्र्याचेच. सप्टेंबर १९५५ मध्ये जॅनेट वादळ आले तेव्हा त्या लहान होत्या. सबंध छप्पर उडून ऊसात पडले आणि आईने त्यांना टेबलाखाली धरून ठेवले. २०२४ च्या जुलैत बेरिल वादळाने कोळ्यांच्या कितीतरी होड्या फोडल्या, पण मावशींचे छप्पर हलले नाही. का हलले नाही ते दाखवायला त्या खुर्ची ओढून वर चढल्या, आम्ही घाबरून खुर्ची धरली. प्रत्येक वाशाला लोखंडी पट्टी वळवून भिंतीच्या लाकडात स्क्रूने घट्ट केलेली. "खिळा नको, स्क्रू मार," त्या म्हणाल्या, "आणि पत्र्याच्या खोलगट भागात भोक पाडू नकोस, उंचवट्यावर पाड. पाणी शिरत नाही." आम्ही आजवर भोके खोलगट भागातच पाडत आलो होतो. घरच्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही वहीच्या मागच्या पानावर पट्टीचे चित्र काढून घेतले. या मे महिन्यात तसे करायचे आहे.